सनमायकाच्या कपाटांना रंग द्यायचाय, आधी थोडं विचारून घेते

स्वयंपाकघरातली कपाटं भक्कम आहेत, पण सनमायकाचा गडद तपकिरी रंग आता बघवत नाही. सगळं उचकटून नवं करण्यापेक्षा रंगच द्यावा म्हणते.

एका कप्प्याच्या दारावर प्रयोग केला. ओल्या फडक्याने पुसून थेट ऑइल पेंट मारला. दिसायला झकास! आठव्या दिवशी नखाने सालासारखा निघाला. चूक माझीच. सनमायका रंग शोषून घेत नाही आणि वर फोडणीचा चिकटा होताच.

आता आधी तेलकटपणा नीट काढून २२० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त चकाकी जाईल इतपत घासणार. मग गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर आणि वर इनॅमलचे, म्हणजे कडक वाळणाऱ्या रंगाचे, दोन पातळ हात.

अडलंय ते इथे: सिंकखालच्या दाराची कड फुगली आहे, आतला भुसा दिसतोय. तिथे लांबी (पुट्टी) भरून चालेल की ते दारच बदलू? पाण्यातलं इनॅमल घ्यावं की तेलातलं? तेलातला पांढरा पुढे पिवळा पडतो म्हणून मन होत नाही. ब्रशच्या रेघा नकोत, तर फोमचा रोलर पुरेल का?

ओट्याशेजारच्या सनमायकाच्या फळीलाही रंगवायचा मोह होतोय, पण तिथे गरम पातेली टेकतात, सुरी चालते. ती तशीच ठेवू ना?

ज्यांनी स्वतः हे केलंय आणि वर्षभर वापरलंय, त्यांनी जरूर सांगा. बिजागऱ्या काढून ठेवल्यात, दारं हॉलमध्ये उभी आहेत आणि घरचे वैतागलेत.