शब्दचर्चा: तरुणाई, ओळख आणि अस्मिता

प्रश्न: बातम्यांत 'तरुणाई' हा शब्द 'तरुण मंडळी' या अर्थाने सर्रास येतो. तो बरोबर आहे का? आणि माध्यमं तरुणांना मिळून जो एक चेहरा देतात, त्याला 'सामूहिक ओळख' म्हणावं की 'सामूहिक अस्मिता'?

उत्तर: चतुराई, नवलाई, तशीच तरुणाई. मूळ अर्थ तरुणपण. आता तो समूहवाचक झालाय आणि रुळलाय, त्याला चूक म्हणणार नाही. मला खटकतं ते त्यातलं एकवचन. 'तरुण नाचले' म्हटलं तर बाजूला उभा राहिलेलाही कुणी असू शकतो. 'तरुणाई थिरकली' म्हटलं की त्याला जागाच उरत नाही. 'तरुणाई व्यसनांच्या विळख्यात' या मथळ्याला तर किती जण, कुठले, कोणत्या वयाचे, यातलं काहीच सांगावं लागत नाही. वयस्कर माणसांच्या बातमीत 'ज्येष्ठ नागरिक' येतात, अनेकवचनात आणि आदराने. तरुणांच्या त्याच घोळक्यात भांडण झालं की दुसऱ्या दिवशी त्याचं 'टोळकं' होतं.

आणखी एक उत्तर: दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ओळख दुसरा देतो. अस्मितेत 'अस्मि', म्हणजे 'मी आहे', असं आपण म्हणतो. माध्यमांचं खरं बळ पहिलीतून दुसरी घडवण्यात आहे, म्हणून मी दोन्ही शब्द ठेवीन.

उदाहरण १९६४ चं. ईस्टरच्या सुट्टीत इंग्लंडमधल्या क्लॅक्टन या समुद्रकाठच्या गावी तरुणांच्या गटांत बाचाबाची झाली, काही काचा फुटल्या. हवा गारठलेली, करायला फारसं काही नाही. वृत्तपत्रांनी मात्र दंगल, दहशत असे शब्द वापरले. समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी या प्रकरणाचा बारकाईने अभ्यास केला आणि १९७२ मध्ये तो पुस्तकरूपाने मांडला. त्यांचं म्हणणं असं, की 'मॉड्स' (स्कूटरवाले, फॅशनेबल कपड्यांतले) आणि 'रॉकर्स' (मोटरसायकलवाले, चामडी जाकिटांतले) ही तरुणांमधली फूट आधी इतकी पक्की नव्हती. बातम्यांनी ती ठळक केली. मग पुढच्या सुट्ट्यांना पोलीस, बघे आणि खुद्द तरुणही काहीतरी होणार या अपेक्षेनेच समुद्रकाठी जमू लागले. छापून आलेलं नाव पोरांनी अंगाला लावून घेतलं. समाजाच्या अशा भेदरण्याला इंग्रजीत 'मॉरल पॅनिक', मराठीत 'नैतिक घबराट' म्हणतात; मला हा प्रतिशब्द चपखल वाटतो.

पुरवणी: 'मिलेनियल' आणि त्यांच्या नंतरची 'जेन झी' या पिढ्यांच्या नावांचंही तेच. अमेरिकेतली जनमत चाचण्या घेणारी संस्था, प्यू संशोधन केंद्र, १९८१ ते १९९६ मध्ये जन्मलेल्यांना मिलेनियल धरतं. म्हणजे डिसेंबर १९९६ चा एका पिढीत, जानेवारी १९९७ चा दुसऱ्या! २०२३ मध्ये त्याच केंद्राने ही लेबलं यापुढे जपून वापरू असं जाहीर केलं. तरीही 'आम्ही जेन झी' असं अभिमानाने सांगणारी मुलं आहेत, आणि स्वतःबद्दल तसं म्हणण्याचा हक्क त्यांचाच. लिहिणाऱ्याने मात्र 'जेन झीला हे नको आहे' ऐवजी 'जेन झीतल्या अनेकांना' लिहावं, आणि जिथे माहीत असेल तिथे 'पहिल्यांदा मतदान करणारे', 'नोकरी शोधणारे पदवीधर' असं नेमकं.