नैरोबीला जायचंय : बाबांचं पिवळं पुस्तक जुनं, आई 64 वर्षांची

चाफेकळी, पुणे
दादा नैरोबीत असतो. आई-बाबांना घेऊन 18 मेला तीन आठवड्यांसाठी निघतेय. पिवळ्या तापाची लस लागते हे माहीत आहे, पण बाबांच्या पिवळ्या पुस्तकावर (लस घेतल्याच्या दाखल्यावर) 2009 ची तारीख आणि दहा वर्षांची मुदत आहे (तेव्हा ते कामासाठी घानाला गेले होते). आईने लस कधीच घेतलेली नाही. आमचे डॉक्टर म्हणाले, साठीनंतर विचार करून घ्या. आम्ही तर नैरोबीबाहेर जाणारही नाही. मग सूट मिळेल का?

दर्यासारंग
ताई, 26 वर्षं जहाजावर होतो. लागोस, आबिद्जान इतक्यांदा केलं की ते पुस्तक पासपोर्टसारखं जपायचो.

बाबांना पुन्हा लस नको. 11 जुलै 2016 पासून दाखला आयुष्यभर चालतो, जुन्या पुस्तकांनाही तेच लागू. मुदतीच्या रकान्यात पेन मात्र लावू नका, खाडाखोड झाली की दाखला बाद ठरू शकतो. पासपोर्ट बदलला असेल तर जुनाही सोबत घ्या.

फक्त नैरोबीत राहणार म्हणून सुटका नाही. थेट भारतातून जाणाऱ्याला केनिया हा दाखला मागत नाही. मागतो आपला देश, परतताना, आणि त्याच्या पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत अख्खा केनिया आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास आपल्या गल्लीगल्लीत आहे, तोच पिवळा तापही पसरवतो. हा आजार भारतात नाही, तो येऊ नये म्हणून एवढी कडक तपासणी. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. आमच्या जहाजावरचा एक पोरगा लस घेतल्याच्या आठव्या दिवशी मुंबईत उतरला. दाखला दहा दिवसांनी लागू होतो, त्यामुळे त्याला दोन दिवस ठेवून घेतलं. वडील रत्नागिरीहून न्यायला आले होते, ते बाहेरच थांबून राहिले. फार वाईट वाटलं होतं.

आईंचं मात्र घाईने ठरवू नका. ही जिवंत विषाणूची लस आहे, साठीनंतर पहिल्यांदा घेताना गंभीर त्रासाची शक्यता थोडी वाढते. अंड्याची तीव्र ॲलर्जी, केमो, स्टेरॉइडच्या मोठ्या गोळ्या, थायमसचा (छातीतल्या एका ग्रंथीचा) आजार, यातलं काही आहे का?

कसबा_पेठ
ससूनच्या बी. जे. मेडिकलमध्ये केंद्र आहे. आधी वार विचारून जा. एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात, फोडल्यावर काही तासांत संपवावे लागतात, म्हणून माणसं जमवून देतात. कुठल्याही दवाखान्यात टोचून घेतलेलं चालत नाही, मान्यताप्राप्त केंद्राचाच शिक्का लागतो.

चाफेकळी, पुणे
सारंगकाका, थायमस वाचून अंगावर काटा आला. मायस्थेनियासाठी (स्नायू दुबळे होण्याच्या आजारासाठी) 2004 मध्ये आईची थायमस ग्रंथी काढली आहे. इतकी वर्षं ती बरी आहे, त्यामुळे आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं.

दर्यासारंग
मग टोचू देऊ नका. ऑपरेशनची फाईल घेऊन केंद्रातल्या डॉक्टरांना भेटा. लस देता येत नाही असं ते लेखी देतात, पण ते पत्र मानायचं की विलगीकरणात ठेवायचं हे परतताना विमानतळावरचे आरोग्य अधिकारी ठरवतील. सहा दिवस आईंना तसं राहावं लागलं तर झेपेल का, हे आधी घरात बोला.

चाफेकळी, पुणे
दादाशी बोलले. तोच जूनमध्ये पुण्याला येतोय. आईचं तिकीट रद्द करते.