एफएनएसी आणि मधले पाच दिवस

ताई, गुरुवारी मानेतल्या थायरॉइडच्या गाठीची एफएनएसी (बारीक सुईने पेशी काढून तपासतात ती) आहे आणि झोपच उडालीये म्हणालीस ना, अगदी कळतंय गं. माझी दोन वर्षांपूर्वी झाली, सोनोग्राफीत टायरॅड्स ४ वाचलं आणि मी सरळ कॅन्सरची चौथी स्टेजच समजून बसले, नवरा पण गप्प! मग डॉक्टर म्हणाले की ती फक्त गाठ कशी दिसते त्यावरून दिलेली ग्रेड असते, स्टेजशी काही संबंध नाही, आणि एकूण थायरॉइडच्या दहातल्या नऊ तरी गाठी साध्याच निघतात. सुई बारीक असते, फक्त ती आत असताना आवंढा गिळायचा नाही, आणि नेमका तेव्हाच येतो :) रिपोर्टमध्ये बेथेस्डा १ (पेशी तपासून देतात ती श्रेणी) दिसलं तर घाबरू नकोस, पुरेशा पेशी मिळाल्या नाहीत एवढाच अर्थ, बहुतेक परत करतात (माझी केली, वैताग नुसता). खरा छळ रिपोर्ट येईपर्यंतचा. मी सारखी आरशासमोर मान वर करून गाठ चाचपत बसायचे, शेवटी सासूबाईंनी मेथीच्या चार जुड्या पुढ्यात टाकल्या, म्हणाल्या हात चालवायचेच तर इथे चालव. आणि रात्री गूगल नको, शंका वहीत लिही आणि ती वहीच डॉक्टरांकडे ने.