दुसऱ्या मजल्यावर सम्पवाली माशांची टाकी: लाइट गेली तर पाणी कुठवर येईल?

सुदामानगरवाला: नमस्कार मंडळी. इंदूरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. 4 फुटी टाकी (120 × 45 × 60 सेंमी) करवून घेतोय, खाली कपाटात 75 × 30 × 40 चा सम्प (वरचं पाणी पाइपने उतरतं ती छोटी टाकी; तिथून पंप ते परत वर फेकतो). चालू असताना सम्पमध्ये पाणी 25 सेंमी ठेवीन म्हणतो. रिटर्नचं, म्हणजे पंपाचं पाणी वर टाकीत सोडणाऱ्या पाइपचं, तोंड 8 सेंमी बुडवणार, खळखळ नको म्हणून. पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावतोच आहे. खालच्या काकूंनी नुकतंच छताला पीओपी करून घेतलंय, तेव्हा आत्ताच विचारतो: आणखी काय लागेल?

काचकाका: आधी तो व्हॉल्व्ह विसरा. शेवाळ नाहीतर गोगलगाय अडकली की तो अर्धवट उघडा राहतो, आणि ते कळतं लाइट गेल्यावरच. तो नाहीच असं धरून हिशेब करा.

तुमच्या टाकीतलं 1 सेंमी पाणी म्हणजे 5.4 लिटर. पंप थांबला की रिटर्नचाच सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी खाली येतं. 8 सेंमीचे झाले 43 लिटर. सम्पमध्ये रिकामी जागा 15 सेंमी, म्हणजे जेमतेम 34. उरलेलं काकूंच्या पीओपीत. तोंड 2 सेंमीवर आणा, 11 लिटर होतील, वर पाइपांतलं थोडं. पाइपला पाण्याच्या पातळीलगत सायफन तोडणारं भोक पाडतात, तेही पाडा, पण तेही बुजतं. एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका.

आता उलटं बघा. ओव्हरफ्लोच्या (टाकीतलं पाणी सम्पमध्ये उतरतं त्या वाटेच्या) जाळीवर व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीची पानं बसली की पाणी खाली उतरत नाही, पंप मात्र वर फेकतच राहतो. म्हणून सम्पमधला पंपाचा कप्पा लहान हवा. 20 सेंमी लांब ठेवलात तर त्यात 15 लिटर मावतं. सगळं वर गेलं तरी टाकी 3 सेंमीच चढते. तेवढी काच वर कोरडी ठेवा. पंप कोरडा फिरून जळला तर जळू दे, फरशी वाचते.

आणि मे महिन्यात पाणी भराभर उडतं, ते घटलेलं दिसतं नेमकं याच कप्प्यात. घरातलं कोणी मायेनं काठोकाठ भरून ठेवतं, मग लाइट गेल्यावर खाली येणाऱ्या पाण्याला जागाच उरत नाही! पंप चालू असताना काचेवर मार्करने रेघ मारा आणि सगळ्यांना दाखवा.

राजवाडा_गप्पी: खळखळीसाठी ओव्हरफ्लोला दोन पाइप घ्या. एकाला गेट व्हॉल्व्ह (पाणी कमीजास्त करायची चावी) लावून तो पूर्ण भरून चालवा, म्हणजे आवाजच नाही. दुसरा जरा उंच, कोरडा. पहिला तुंबला की दुसरा घेतो आणि असा गुरगुरतो की झोपलेला माणूस उठेल. भोकं तळात पाडणार असाल तर तळाची काच टफन्ड (तापवून कडक केलेली) नाही ना, एवढं काचवाल्याला विचारा. टफन्डला ड्रिल लावलं की चुरा.

सुदामानगरवाला: काका, तोंड 2 सेंमीवर आणतो, दोन पाइपही करतो. तरी सम्प 90 सेंमीचा घ्यावा म्हणतो. त्यासाठी कपाटाची मधली उभी फळी काढावी लागेल.

काचकाका: फळीला हात लावू नका! काच-दगड धरून 400 किलो वर बसणार आहे. 75 चाच सम्प पुरतो. टाकी भरली की काकूंच्या घरी जायच्या आधी मेन स्विच पाडून बघा, पाणी कुठे थांबतं ते.