चर्चा: हद्दपारीच्या खटल्यात लहान मुलांना वकील कुणी द्यायचा?

घाटपायथा (न्यू जर्सी)

मागच्या महिन्यात ओळखीच्या एका ताईंना सोडायला इमिग्रेशन कोर्टात गेलो होतो. त्या तिथे स्वयंसेवक, मी नुसता ड्रायव्हर. पार्किंग महाग म्हणून आत जाऊन बसलो (सुनावणी बहुधा कुणालाही बघता येते). त्या सकाळी सगळ्या तारखा मुलांच्याच होत्या. एका पोराचे पाय बाकावरून खाली टेकत नव्हते. सरकारतर्फे वकील, न्यायाधीश, दुभाषी, सगळे हजर. मुलाच्या बाजूला रिकामी खुर्ची. न्यायाधीशांनी विचारलं, वकील आहे का? पोराने मागे बसलेल्या मावशीकडे बघितलं. पुढची तारीख मिळाली.

घरी येऊन वाचत बसलो. अमेरिकेत चोरीच्या आरोपाखाली पकडलेल्या गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. हद्दपारीच्या खटल्यात मात्र कायदा म्हणतो की वकील जरूर ठेवा, फक्त सरकारला त्याचा खर्च पडता कामा नये. वय तीन असो की तेहतीस. दुभाष्याचे पैसे सरकार देतं, न्यायाधीशांचा पगार देतं, विरुद्ध बाजूच्या वकिलाचाही देतं. एका खुर्चीपुरताच हात आखडतो. याला सुनावणी कसं म्हणायचं, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

रांगेतला_शेवटचा (डॅलस)

मी समजावतो. ग्रीन कार्डाच्या रांगेतली माझी तारीख (प्रायॉरिटी डेट) २०१४ ची, ईबी-२ म्हणजे रोजगाराच्या कोट्यातून. मुलगी चार वर्षांची असताना इथे आली, आता एकोणीस. एकवीस झाली की एच-४ वरून, म्हणजे आईबापांच्या व्हिसावर मुलांना मिळणाऱ्या व्हिसावरून, बाहेर. इथेच शाळा, इथेच मैत्रिणी, आणि मग एक तर स्टुडंट व्हिसा नाहीतर पुण्याचं विमान. तिच्यासाठी कुणी कोर्टात स्वयंसेवक म्हणून बसत नाही. वकिलांच्या फिया आम्ही भरल्या, टॅक्स आम्ही भरतो, आणि जे कुंपण ओलांडून आले त्यांचा वकीलही आमच्याच टॅक्समधून? कणव मलाही येते हो. पण कणवेला बजेट लागतं.

कलम_तीनशेसाठ (नागपूर)

वकिली करतो म्हणून थोडं रुक्ष बोलतो. अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या १९६३ च्या गिडियन निकालाने फौजदारी खटल्यात वकिलाचा हक्क दिला. १९६७ च्या गॉल्ट निकालाने बालगुन्हेगारांच्या कोर्टात मुलांनाही दिला. हद्दपारी ही तिथे दिवाणी बाब. दिवाणीत फुकट वकील हा घटनेने दिलेला सरसकट हक्क नाही, घर खाली करून घेण्याच्या दाव्यातही नाही. सिएटलमध्ये २०१४ साली मुलांच्या वतीने दावा झाला, २०१६ मध्ये नवव्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर तो काढून टाकला. धागाकर्त्याला जे वाटतं ते काँग्रेसला (तिथल्या संसदेला) जाऊन सांगावं. न्यायाधीशाने दयेपोटी हक्क निर्माण करावेत, या मताचा मी नाही.

रच्याकने (बाय द वे), इमिग्रेशन न्यायाधीश हे न्यायपालिकेतले नव्हेत, न्याय खात्याचे नोकर. ‘कोर्ट’ म्हणताना एवढं लक्षात असू द्या.

घाटपायथा

वकीलसाहेब, तुमच्या रच्याकनेनेच माझी बाजू भक्कम केली. न्यायाधीशही सरकारचा, समोरचा वकीलही सरकारचा. मग तिसरा माणूस जास्तच लागतो की.

आणि काँग्रेसने सांगितलेलं आहे. २००८ च्या मानवी तस्करीविरोधी कायद्यात, पालकांशिवाय आलेल्या मुलांना शक्य तितक्या प्रमाणात वकील मिळेल हे बघावं, असं आरोग्य खात्याला बजावलंय. ‘शक्य तितक्या’ या दोन शब्दांवर सगळी ओढाताण. मार्च २०२५ मध्ये सरकारने त्या कामाचं कंत्राट बंद केलं तेव्हा सुमारे २६,००० मुलांचे वकील एका फटक्यात अधांतरी झाले. सॅन फ्रान्सिस्कोतल्या फेडरल न्यायाधीशांनी १ एप्रिलला पैसे तात्पुरते चालू ठेवायला लावले. हक्क असता तर दर वेळी असं धावावं लागलं नसतं.

रांगेतले, तुमच्या मुलीवर अन्याय होतोय, दुमत नाही. पण तिच्याविरुद्ध उद्या सरकारने खटला भरला, तर तिच्या शेजारी तुम्ही असाल, इंग्रजी असेल, बँकेत पैसे असतील.

कलम_तीनशेसाठ

‘शक्य तितक्या’ म्हणजे हक्क नव्हे, हे तुम्हीच मान्य केलंत. धन्यवाद.

मावशीबोली

दुभाषी म्हणून काम केलंय, त्यातलं थोडं. ग्वातेमालाची पुष्कळ मुलं स्पॅनिश धड बोलत नाहीत. घरी माम, किचे, कांजोबाल या तिथल्या माया भाषा. कोर्टात स्पॅनिश दुभाषी उभा, मूल मान डोलावतंय. मेळघाटातल्या कोरकू पोराला पुणेरी मराठीत ‘तुमचे म्हणणे मांडा’ म्हटल्यावर ते जसं मान डोलावेल, तसं. त्या होकाराची नोंद मात्र होते. शेजारी वकील असेल तर तो निदान म्हणतो, थांबा, याला कळलेलं नाही.

दुसरं. आईबापांपैकी कुणी टाकून दिलेल्या किंवा छळलेल्या मुलांसाठी १९९० पासून एक वेगळी वाट कायद्यात आहे, स्पेशल इमिग्रंट ज्युव्हेनाइल. पण ती इमिग्रेशन कोर्टातून सुरूच होत नाही. आधी राज्याच्या कोर्टात जायचं, तिथून तसा निष्कर्ष मिळवायचा, मग फेडरल अर्ज, तोही एकवीसच्या आत. काही राज्यांत ते कोर्ट अठरालाच दार लावतं. हे दुसरं कोर्ट कुठे आहे, हे आठ वर्षांच्या मुलाने शोधायचं?

रांगेतले, तुम्हाला एक सांगू का? या मुलांची ग्रीन कार्डं ईबी-४ मधून येतात. रोजगाराच्याच कोट्यातून. तीही तारीख पुढे सरकायची वाट बघत वर्षानुवर्षं तिष्ठतात.

सोमण_काका

+१. त्या जॅक वाईल नावाच्या न्यायाधीशांनी तर शपथेवर सांगितलं होतं की मी तीन-चार वर्षांच्या मुलांना इमिग्रेशन कायदा शिकवलाय, वेळ आणि धीर लागतो इतकंच. आमच्या नातवाला दोन वर्षं ‘चप्पल उलटी घातलीस’ हे शिकवतोय.

कलम_तीनशेसाठ

काका, ते वाक्य संदर्भ सोडून उचललं, असं त्यांनी नंतर म्हटलं होतं. अर्थात कुठल्या संदर्भात ते बरं दिसेल, हे मलाही सुचत नाही.

रांगेतला_शेवटचा

भावनेचा मुद्दा झाला, आता व्यवहाराचा. २०१४ च्या एका आर्थिक वर्षात दक्षिण सीमेवर पालकांशिवायची ६८,००० हून जास्त मुलं पकडली गेली. ही आपापली येत नाहीत, एजंट आणतात. ‘तिकडे वकीलही फुकट’ हे कळलं की एजंटचा दर वाढणार. आपल्याकडचंच बघा, गुजरातेतल्या डिंगुचा गावचं कुटुंब, जानेवारी २०२२, कॅनडाच्या सीमेवर दोन लेकरांसकट गोठून गेलं. आमिष कुणी दाखवलं? ज्या धोरणाने एकही आईबाप आपलं मूल एजंटच्या हातात द्यायला धजावेल, ते धोरण दयाळू नाही.

घाटपायथा

हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पण एजंट वकील विकत नाही हो, दिरंगाई विकतो. ‘केस लागायलाच चार वर्षं, तोवर काम कर.’ तीस लाखांवर खटले तुंबलेत ते काय वकिलांमुळे? त्या सकाळी एका तासात मी जेवढ्या तारखा पडताना पाहिल्या, त्यातल्या बहुतेक मुलाला वकील नाही म्हणूनच पडल्या. ज्याच्या केसमध्ये दम नाही त्याला वकील पहिल्याच भेटीत सांगतो की बाबा, परत जा.

सिराक्यूज विद्यापीठातल्या ट्रॅक या गटाने २०१४ मध्ये आकडे काढले होते. वकील असलेल्या मुलांपैकी ७३ टक्क्यांना राहू दिलं, नसलेल्यांपैकी १५. कायदा तोच, कोर्टं तीच.

कलम_तीनशेसाठ

या आकड्यात एक गोम आहे. फुकट काम करणारा वकील केस निवडून घेतो. जिंकण्यासारखी असते तीच घेतो. त्यामुळे सगळी तफावत वकिलाची करामत नव्हे. मात्र सगळी तफावत निवडीची, असंही मी म्हणणार नाही. वीस वर्षं हेच बघतोय, पक्षकाराला तारीख कळली नाही म्हणून एकतर्फी निकाल. तिथेही गैरहजर राहिलं की हद्दपारीचा हुकूम निघतो.

आपल्याकडे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात बालकाला उत्पन्न न बघता मोफत वकील आहे. कलम १२. म्हणून आपण फार पुढारलेले, असं कुणी लिहायच्या आत सांगतो: आसामातल्या परदेशी नागरिक न्यायाधिकरणात भारतीय असल्याचं सिद्ध करायचा बोजा माणसावरच आहे.

माझं मत: चौदाच्या खाली वकील सक्तीचा असावा, पण कायदा करून. वर नाही.

मावशीबोली

चौदाच का? पंधराव्या वाढदिवसाला ते राज्याचं कोर्ट सापडतं का?

कलम_तीनशेसाठ

कुठेतरी रेघ मारावी लागते, ताई. कायद्यात सगळ्या रेघा अशाच मारलेल्या असतात. एकवीसची सुद्धा.

रांगेतला_शेवटचा

एकवीसची रेघ मला शिकवू नका, फ्रिजवर चिकटवलीय.

माझं मत बदललेलं नाही. सतरा वर्षांचा बाप्या मूल म्हणून उभा राहणार आणि बिल मी भरणार, हे मला पटत नाही. लहान पोरांचं ठीक आहे, द्या वकील, त्यावर भांडणार नाही. ते ईबी-४ चं मात्र ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन (कुठल्या रांगेची तारीख कुठवर आली ते सांगणारं सरकारी पत्रक) उघडतो, आपली ओळ बघतो आणि बंद करतो. त्याखालच्या ओळी कधी वाचल्याच नाहीत.