चर्चा: टॉवरच्या कार्बन अहवालात टक्के नकोत, लिटर आणि युनिट हवेत

मीटरवाचक
ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, हिच्या 2011 च्या शिफारशींवरून दूरसंचार विभागाने 4 जानेवारी 2012 ला मोबाइल सेवा कंपन्यांसाठी (ऑपरेटर) आदेश काढला: पायाभूत वर्ष 2011-12, 2018-19 पर्यंत उत्सर्जनात 17 टक्के कपात, अहवाल वर्षातून दोनदा. जिओची सेवा सुरू झाली सप्टेंबर 2016 मध्ये. व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या 2018 मध्ये. म्हणजे पायाभूत वर्षातल्या कंपन्याच आता तशा राहिल्या नाहीत, मग हे 17 टक्के नेमके कशाच्या तुलनेत? त्यात ग्रिडचा गुणांक, म्हणजे ग्रिडच्या एका युनिट विजेमागे धरायचा कार्बन डायऑक्साइड, पूर्वी 0.8 किलोच्या वर धरत, आता तो 0.7 च्या आसपास आहे. म्हणजे एक युनिटही न वाचवता कपात दिसते! ट्रायने दर साइटचं, म्हणजे दर टॉवरचं, डिझेल लिटरमध्ये आणि वीज युनिटमध्ये मागवावी.

कलम११
सहमत नाही. या विषयात ट्राय फक्त शिफारस करू शकते, ती सरकारवर बंधनकारक नसते. शिवाय शेअर बाजाराची नियामक सेबी हिने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर हा व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केलाय, त्यात ऊर्जा आणि उत्सर्जन दोन्ही येतं. त्याच माहितीचा आणखी एक तक्ता कशाला?

मीटरवाचक
कारण माहिती तीच नाही. टॉवर उभारून ऑपरेटरांना भाड्याने देते ती टॉवर कंपनी, डिझेल तीच जाळते, म्हणून ते तिच्या स्कोप 1 (स्वतःचं थेट उत्सर्जन) मध्ये. ऑपरेटरकडे तेच स्कोप 3 (आपल्यासाठी दुसऱ्यांकडून होणारं उत्सर्जन) होतं आणि बीआरएसआरमध्ये स्कोप 3 ऐच्छिक रकान्यात आहे. ऑपरेटरचा आकडा आपोआप सडपातळ होतो. आता एकच साइट घ्या. भार अडीच किलोवॅट, जनरेटर दिवसाला 4 तास, तासाला 2 लिटर. 8 लिटरचे साधारण 21 किलो कार्बन डायऑक्साइड, आणि वीज मिळाली फक्त 10 युनिट. युनिटमागे 2.1 किलो, ग्रिडच्या तिप्पट. कंपनीच्या एकत्रित बेरजेत हे कधीच दिसणार नाही. आणि माहिती मागवायला शिफारस लागत नाही, ट्राय कायद्याचं कलम 12 त्यासाठीच आहे.

डीजीसेट
हिशोब बरोबर, पण लिटरवर एवढा भरवसा ठेवू नका. बऱ्याच ठिकाणी लिटर म्हणजे अवर मीटरवरचे (जनरेटर चाललेले) तास गुणिले तासाला इतके लिटर असा ठरलेला दर. 15 केव्हीएचा (साधारण 12 किलोवॅटचा) जनरेटर संच अडीच किलोवॅटवर चालला की क्षमतेच्या पाव भागाइतकाही भार नसतो. इंधन अर्धवट जळतं, काजळी धरते आणि तो ठरलेला दर खोटा पडतो. डिझेलचोरीही याच फरकात लपते. त्यापेक्षा रेक्टिफायरमधल्या (एसी विजेची डीसी करणारं उपकरण) 48 व्होल्टच्या डीसी मीटरची नोंद घ्या. एका टॉवरवर दोन ऑपरेटर असतील, एकाचे 30 अँपिअर आणि दुसऱ्याचे 20, तर उत्सर्जनही 3:2 वाटता येतं. टाकीत पातळीचा सेन्सर नसेल तर लिटर हा अंदाजच, त्याला अहवालात अंदाजच म्हणा.

कलम११
डीसी मीटरचं पटलं. पण कलम 12 सेवा पुरवठादारांना लागू आहे. टॉवर कंपन्या आयपी-1 या पायाभूत सुविधा पुरवठादाराच्या नुसत्या नोंदणीवर चालत आल्या, त्यांच्याकडे परवाना नव्हता. नेमका डिझेल जाळणाराच हातातून निसटतो! फ्रान्समध्ये आर्सेपला (तिथली दूरसंचार नियामक) पर्यावरणाचे आकडे मागवण्याचा अधिकार डिसेंबर 2021 च्या कायद्याने दिला, म्हणून तिथलं सर्वेक्षण नेटवर्कपुरतं न राहता डेटा सेंटर आणि उपकरणांपर्यंत गेलं. आधी तसा अधिकार द्या, मग तक्ता.

मीटरवाचक
अधिकार जरूर मागू, पण तोवर थांबायचं कारण नाही. ऑपरेटर टॉवर कंपनीला ऊर्जेचं बिल भरतोच, आणि त्या बिलाला बऱ्याचदा साइटनिहाय डिझेल व युनिटचं विवरण जोडलेलं असतं. तेच विवरण कलम 12 खाली ऑपरेटरकडून मागवा. डीजीसेट म्हणतात तसा डीसी नोंदीचा एक रकाना त्यात वाढवा.