अडकलेला पिनियन: आधी उष्णता की थेट कटिंग डिस्क?

धागाकर्ता
आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाडीची मोटर बदलायला घेतली की गाडं हमखास अडतं ते पिनियनच्या, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या दातेरी चाकाच्या, ग्रब स्क्रूवर (त्याला शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू). एम३ चा (३ मिमी जाडीचा) इवलासा स्क्रू, त्याला १.५ मिमीची एलन की. आत थ्रेडलॉक (स्क्रू आपोआप सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) असताना नुसता जोर लावला की षट्कोनी खाच गोल होते, आणि मग की आत गरागरा फिरत राहते.

माझं ठाम मत: आधी उष्णता, मग जोर. सोल्डरिंग आयर्नचं टोक थेट स्क्रूच्या खाचेत वीस-तीस सेकंद टेकवायचं आणि गरम असतानाच की फिरवायची. निळा थ्रेडलॉक लगेच मऊ पडतो. लाल, म्हणजे जास्त पक्का असेल तर साधारण २५० अंशांपर्यंत जावं लागतं, पण तोही सुटतो. पिनियन थेट डिस्कने कापणाऱ्यांची घाई मला पटत नाही.

कटिंग डिस्क
साफ असहमत. ब्रशलेस इनरनर मोटरमध्ये (जिचा आतला भाग फिरतो) चुंबक रोटरवर, म्हणजे त्या फिरणाऱ्या भागावर असतात, म्हणजे ज्या शाफ्टवर पिनियन बसलाय त्याच शाफ्टवर. साधे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे कायमची ताकद गमावू लागतात. तुम्ही २५० अंशांच्या गोष्टी करताय! पिनियन झिजणारा भाग आहे, आज ना उद्या बदलायचाच असतो. मोटर मात्र महाग. मी सरळ रोटरी टूलने पिनियनला उभा काप देतो, शाफ्टच्या जरा अलीकडे थांबतो आणि चपटा स्क्रूड्रायव्हर घालून तडकवतो. दोन मिनिटांचं काम.

धागाकर्ता
चुंबकाचा मुद्दा रास्त आहे, पण आयर्नच्या टोकाची उष्णता आधी त्या एवढ्याशा स्क्रूत जाते. रोटरपर्यंत ती पोचायच्या आत स्क्रू सुटलेला असतो. लगेच सुटला नाही तर थांबायचं, मोटर पूर्ण गार होऊ द्यायची आणि मगच पुन्हा. गॅस टॉर्च वापरायला मी कधीच सांगणार नाही.

आणि कापताना उडणारा लोखंडाचा कीस? मोटरच्या पुढच्या छिद्रांतून तो आत गेला की चुंबकाला चिकटून बसतो. मी एक चांगली मोटर याच पायी गमावली आहे. मोटर चिकटपट्टीने गच्च झाकल्याशिवाय डिस्क लावूच नका.

कटिंग डिस्क
झाकायचं हे मान्य, ते लिहायला हवं होतं. पण लाल थ्रेडलॉक दिसला तर मी अजूनही कापणारच.

दातेरी चाक
तुम्ही दोघेही रोग झाल्यावरचं बोलताय. खाच गोल होते ती बहुतेक वेळा चुकीच्या हत्यारामुळे. किटमधली मऊ एल-की आधी बाजूला ठेवा. गोल टोकाची की स्क्रू सैल झाल्यावर भराभर फिरवायला ठीक, पहिला झटका तिने देऊ नये, कारण खाचेच्या भिंतीला ती अगदी थोड्या जागी टेकते. आणि १/१६ इंच म्हणजे १.५९ मिमी. दीड मिमीच्या खाचेत ती जात नाही म्हणून ठोकून बसवली की खाच गेलीच समजा.

जपानी किटमधले प्लससारखे दिसणारे स्क्रू बहुधा जेआयएस (जपानी मानकाचे) असतात. त्यांना फिलिप्स (नेहमीचा प्लस स्क्रूड्रायव्हर) लावला की तो वर उसळतो आणि डोकं खातो.

खाच आधीच गेली असेल तर किंचित मोठा टॉर्क्स (सहा टोकांच्या ताऱ्यासारखा) बिट हलकेच ठोकून बसवा. पिनियनखाली आधार द्या, नाहीतर हातोडीचा मार बेअरिंगला बसतो.

नवा हात
मग थ्रेडलॉक लावूच नये का?

दातेरी चाक
धातूत धातू असेल तिथे लावायचाच, नाहीतर मोटरच्या थरथरीने स्क्रू सुटतो आणि पिनियन शाफ्टवर घसरून मुख्य गिअरचे दात खातो. पण निळा, आणि एकच थेंब. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला अजिबात नको. पॉलिकार्बोनेटच्या बॉडीला तो लागला तर तडे जातात.

धागाकर्ता
पिनियन बसवताना ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवरच येऊ द्या. गोल बाजूवर आवळला तर शाफ्टवर धातूचा उंचवटा उठतो, आणि मग स्क्रू निघाला तरी पिनियन निघत नाही. तेव्हा पुलरच (पिनियन ओढून काढायचं हत्यार) लागतो.

कटिंग डिस्क
किंवा डिस्क. पण सपाट बाजूबद्दल शंभर टक्के सहमत.